घरातल्या रेकॉर्डी, कॅसेटी, डीव्हीडी, पुस्तकं: अजून कोण कोण जपतंय? आणि आपल्या पावसात कशी?

चिऱ्याचं_घर (म्हार्दोळ)

नमस्कार मंडळी, पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाईत विचारतेय. आमच्या माडीवरची एक खोली पूर्ण संग्रहाची आहे. बाबांच्या रेकॉर्डी, त्यात जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) पण आणि एलपी (लांब वाजणाऱ्या) पण, कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक, मी कॉलेजात असल्यापासून घेतलेल्या व्हीसीडी डीव्हीडी, आणि पुस्तकं तर काय जिथे जागा मिळेल तिथे. आता घरात विषय निघालाय की ही खोली रिकामी करायची, बाथरूम काढायची आणि होमस्टेला द्यायची, सगळं तर फोनवर मिळतं ना मग हे कशाला. मिळतं हो, मी पण फोनवर ऐकते, स्वयंपाक करताना तेच लावते. पण संध्याकाळी बाबा म्हणतात आज नाट्यगीत काढ, मग मी वर जाते, खोक्यात बोटं फिरवत एकेक कव्हर पुढे ढकलत बघते, जे शोधत होते ते सापडायच्या आधी दुसरंच काहीतरी हाताला लागतं आणि शेवटी दोन्ही घेऊन खाली येते. सुई टेकली की आधी ते खरखर, मग पेटीचा पहिला सूर, तेवढ्यात बाबा खुर्चीत सरळ बसलेले असतात. हे फोनवर होत नाही म्हणजे नाहीच.

तर दोन गोष्टी सांगा. एक, तुमच्याकडे काय काय आहे आणि त्यातलं तुम्हाला खरं सुख कशात वाटतं (घरच्यांना वाचून दाखवणार आहे!). दुसरं, जून ते सप्टेंबर हे सगळं बुरशीपासून वाचवायचं कसं. खोलीची एक भिंत पश्चिमेची आहे, पाऊस थेट तिच्यावरच.

तबकडी (पेडणे)

ताई, खोली देऊ नका. आधी हे सांगतो मग बाकीचं.

माझ्याकडे जास्त करून ७८ च्याच आहेत. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात अख्खा ख्याल बसवायचा, म्हणजे मैफलीत तासभर चालणारा राग तिथे आलाप, बंदिश, ताना सगळं घेऊन तीन मिनिटांत उभा राहतो आणि तरी घाई वाटत नाही. हे ऐकायची सवय लागली ना की लांब रेकॉर्डिंगमधलं पाल्हाळ लगेच कळायला लागतं. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर तर गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून यायच्या आणि तिथल्या माणसांना लेबल कुठलं लावायचं ते कळायला पाहिजे ना. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आपल्या घरात येऊन नाव सांगून जातो, मला तर अजून दर वेळी अंगावर काटा येतो.

आणि माझी मांडणी घराण्याप्रमाणे नाही, अक्षराप्रमाणे पण नाही. गाणाऱ्यांच्या गावाप्रमाणे आहे. केरी म्हणजे केसरबाई केरकर. कुर्डी म्हणजे मोगूबाई. मंगेशीच्या कप्प्यात मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा शेजारी शेजारी. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे. पाहुणे आले की मी विचारतो तुमचा गाव कुठला, आणि फोंड्याच्या बाजूचा निघाला की अर्धा कप्पा त्यांचाच. त्यातले तिघंचौघं तर एका दुपारी स्कूटरवर फिरून येता येईल एवढ्या अंतरातले. एवढ्याशा तालुक्याने केवढे गळे दिले हे पुस्तकात वाचून कळतं ते वेगळं आणि कप्पा बघून कळतं ते वेगळं.

केसरबाईंचं तर सगळ्यांना माहीतच आहे, १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानं गेली त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, त्यात बाईंची भैरवी आहे. बाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. म्हणजे अवकाशात पाठवायची वेळ आली तेव्हा पण माणसाने तबकडीच पाठवली, सोबत सुई पण दिली आणि ती कशी फिरवायची ते वर चित्रात कोरलं. होमस्टेवाल्यांना हे नक्की वाचून दाखवा.

आता कामाचं. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते आणि खाच कायमची जाते. साधं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं ते गोल, खाचेच्या दिशेने, आडवं नाही. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. एलपी व्हिनाइलची असते तिला पातळ केलेलं आयसोप्रोपिल चालतं. दोन्ही उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत खालच्या वाकतात आणि लाखेच्या असतील तर तडकतात. सुईचं पण बघा, ७८ ची खाच रुंद असते, तिची सुई वेगळी, एलपीची सुई तिच्यात नुसती तळाशी घासत जाते आणि खरखर दुप्पट येते. बाबांच्या प्लेअरला दोन्ही सुया आहेत का विचारा, जुने लोक ठेवायचे.

मांडवीकाठ (पणजी)

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी पणजीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि जागा हा खरा प्रश्न आहे, भावनेने सुटत नाही तो. माझं मत असं की जे दुसरीकडे सहज मिळतं ते घरात ठेवायची गरज नाही. हिंदी सिनेमाची गाणी, इंग्लिश क्लासिक्स, गाजलेल्या कादंबऱ्या, हे सगळं मी देऊन टाकलं. कादंबरी पाहिजे असली की पाट्टोला सेंट्रल लायब्ररीत जातो, १८३२ सालची संस्था आहे, वाचायला बसायला एवढी छान जागा गोव्यात दुसरी नाही. घरात फक्त तेच ठेवलंय जे गेलं तर परत मिळणार नाही. एक कपाट. पण त्या कपाटातली प्रत्येक वस्तू मला ठाऊक आहे आणि वर्षातून एकदा तरी हातात घेतली जाते.

म्हणून सुचवतो, खोली द्या किंवा देऊ नका, पण आधी एकदा सगळं काढून बघा की कुठली वस्तू फक्त तुमच्याकडेच आहे.

टेपवाला (सांगे)

मांडवीकाठ बाब, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी देव बरें करूं (आभार हो). आणि ताई तुम्ही ज्या ट्रंकेबद्दल एकाच ओळीत लिहून पुढे गेलात ना, त्या कॅसेटींची, माझ्या मते अख्ख्या खोलीत सगळ्यात मोलाचं तेच आहे.

कारण छापील कॅसेट असेल तर ती कुणाकडे तरी असतेच. पण आपल्या गावांत टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आले तेव्हापासून लोकांनी घरी काय काय भरून ठेवलंय! जत्रेतली नाटकं. देवळाच्या मंडपात रात्री अकराला सुरू होऊन पहाटे संपणारी संगीत नाटकं, सगळे नट गावचेच, मास्तर, पोस्टमन, भाटात (बागायतीत) काम करणारे, आणि गळे असे की ऐकतच राहावं. ते कुणी कंपनीने कधी रेकॉर्ड केलं नाही आणि करणार पण नव्हतं. कुणीतरी पुढच्या रांगेत मांडीवर टेप घेऊन बसला म्हणून ते आज आहे. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहातली भजनं, चोवीस तास अखंड चालणारी, त्यातली मध्यरात्रीची पण. चवथीच्या आरत्या, घुमट आणि शामेळ ही वाद्यं घेऊन अख्ख्या वाड्याने म्हटलेल्या. पणजी आकाशवाणीवरून भरून घेतलेली गाणी. माझ्याकडे एका जत्रेची कॅसेट आहे तिच्यात नाट्यपद रंगात आलंय आणि मधेच एक बाई शेजारणीला म्हणते "आगो, हो कोणालो पूत?" (अगं, हा कुणाचा मुलगा?) आणि शेजारीण त्याची सगळी वंशावळ सांगते, पद चालूच. मला त्या पदाइतकीच ती वंशावळ प्रिय आहे. त्यातले अर्धे लोक आज नाहीत.

कॅसेटचं सुख म्हणजे कार्डावरची अक्षरं. कुणी निळ्या शाईने राग लिहिलाय, कुणी फक्त "शिगमो" (आपला शिमगा) एवढंच. ए बाजूला भजन आणि बी बाजूला मुलीचं पहिलं बोलणं. हे असं भरलेलं कुठल्या ॲपवर मिळणार.

आता करायचं काय ते सांगतो, थोडं लांबेल. ट्रंक उघडा आणि कॅसेटी नुसत्या बघा. फीत चमकदार तपकिरी असेल तर ठीक. कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी, ती प्लेअरमध्ये घालू नका, हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट बिघडवते. तशा वेगळ्या काढा. बाकीच्यांचं आधी पेन्सिल घालून दोन फेरे फिरवून बघा, घट्ट असेल तर जोर करायचा नाही. मध्ये फितीच्या मागे एक बारीक स्पंजाचा तुकडा असतो पत्र्याच्या पट्टीवर, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो आणि लोकांना वाटतं कॅसेट मेली. मेलेली नसते. बाद झालेल्या कॅसेटमधला तुकडा काढून चिकटवला की आवाज परत येतो. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि तिसऱ्यांदा वाजवायची. प्रत्येक चार-पाच कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिलने पुसायचा.

आणि वाजवताना कॉम्प्युटरवर भरून घ्यायची. भरताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा, मोठी होते पण मूळ तीच, एमपीथ्री नंतर तिच्यावरून कितीही करा. खरखर काढायचा मोह आवरायचा, आधी आहे तसं भरा, साफसफाई कॉपीवर. फाइलच्या नावात गाव, वर्ष, कोण गातंय हे लगेच लिहा, बाबा शेजारी बसलेले असताना. त्यांना आवाजावरून माणसं ओळखता येतील, आपल्याला येणार नाहीत. ह्या पावसात हे एक काम झालं तरी पुरे.

चिऱ्याचं_घर

टेपवाले दादा, वाचून लगेच वर गेले आणि ट्रंक उघडली. एका कार्डावर आजोबांच्या अक्षरात "म्हाळसा जत्रा, रात्र दुसरी" लिहिलंय!! वर्ष नाही. फीत चमकते आहे. हात थरथरत होता हो. बाबांना दाखवली, म्हणाले त्यात मी पण आहे, तबल्यावर. मला हे माहीतच नव्हतं.

दिवाळीअंक_वेडी (डिचोली)

अगं बाय, वाचून मलाच भरून आलं. ऐकलीस की इथे सांग.

मी पुस्तकांबद्दल बोलते कारण बाकीच्यातलं मला कळत नाही. माझ्याकडे पुस्तकं आहेतच पण मी जिवापाड जपते ते दिवाळी अंक. १९०९ मध्ये मनोरंजनने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय लागलीय आणि आमच्या घरात ती आजीपासून आहे. दिवाळी अंक संग्रह करायची वस्तू नाही असं लोक समजतात, वाचला की रद्दी. पण जुना अंक उघडून बघा, कथा राहू दे बाजूला, जाहिराती बघा, व्यंगचित्रं बघा, वर्षभविष्य बघा (माझ्या राशीला त्या वर्षी परदेशगमन होतं!). त्या वर्षी लोक काय खात होते, कसली स्वप्नं बघत होते ते सगळं त्यात असतं. आणि वाचकाच्या खुणा. आजी आवडलेल्या कथेपुढे अनुक्रमणिकेत पेन्सिलने छोटी फुली करायची, मी आता नेमक्या त्याच कथा शोधून वाचते आणि कधी कधी तिच्याशी भांडते की ही काय आवडायची गोष्ट आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले की आधी पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी, मिरच्या कांदे खारं (सुकी मासळी), आणि मग कुणाकडे जुनी पुस्तकं मांडलेली दिसली की तिथे बसकण. पिशवीत सुक्या बांगड्याशेजारी पुस्तक ठेवायचं नाही एवढा एकच नियम.

सांभाळायचं म्हणशील तर पश्चिमेची भिंत हाच तुझा शत्रू. चिरा (जांभा दगड) पाणी पितो आणि महिनोन्महिने सोडत राहतो. कपाट त्या भिंतीपासून काढ, आतल्या भिंतीला लाव, आणि तिथे पण चार बोटं जागा सोड म्हणजे मागून वारा फिरेल. पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत. बुरशीला साधारण ७० टक्क्यांच्या वर दमटपणा मिळाला की ती वाढते आणि आपल्याकडे जुलैत त्याच्या वरच असतो, त्यामुळे दमटपणा मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते खोलीत ठेव, नुसत्या अंदाजाने कळत नाही. लाकडी कपाटात आजी शून्याचा बल्ब लावून ठेवायची, एवढीशी ऊब पण पुरते, मात्र वायरिंग नीट असलं पाहिजे आणि बल्ब कागदाला टेकता कामा नये. सिलिका जेल घेतलीस तर नारिंगी घे, दमट झाली की हिरवी होते, मंद आचेवर सुकवून परत वापरता येते. कसर लागू नये म्हणून आम्ही वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवतो. डांबरगोळ्या मी बंद केल्या, वासाने डोकं चढतं, आणि तुझ्या खोलीत तर डीव्हीडी-कॅसेटी आहेत, प्लॅस्टिकजवळ त्या नकोतच.

आधीच कसर लागलेलं पुस्तक असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव, अंड्यांसकट मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवसभर तशीच राहू दे नाहीतर पाणी सुटतं. बुरशी आलेली पुस्तकं ब्रशने झटकायची ती अंगणात, तोंडाला मास्क लावून. आणि सोलां (आमसुलं) वाळत घालतो तशी पुस्तकं उन्हात पसरायची नाहीत, सावलीत वाऱ्याला ठेवायची, उन्हाने कागद करकरीत होऊन तुटतो. फाटलं तर सेलोटेप नको, रबरबँड पण नको, तो वितळून बसतो.

हे सगळं खरं, पण माझा अनुभव सांगू, जे पुस्तक आम्ही वाचतो त्याला बुरशी येतच नाही. मागच्या रांगेत जी वर्षानुवर्षं हलत नाहीत त्यांनाच येते. म्हणून मी पावसात रोज एक कप्पा रिकामा करून परत भरते, आणि ते करताना वाचत बसते, कप्पा अर्धाच होतो.

शेवटची_रांग (मडगाव)

सिनेमावाला कोणी आलाच नाही म्हणून मी.

आमच्या घरात शनिवारची रात्र म्हणजे डीव्हीडीची रात्र, अजून. मुलं पाळीपाळीने निवडतात. ॲपवर निवडायला बसलं की अर्धा तास ट्रेलरच बघतात आणि मग जेवण होतं आणि झोपतात, कपाटासमोर उभी राहिली की पाच मिनिटांत एक ठरतो. आणि तो पूर्ण बघितला जातो, मधेच बदलत नाहीत. मला ह्याचंच अप्रूप आहे. शिवाय ॲपवरचा सिनेमा करार संपला की एका रात्रीत गायब, आणि आपल्याकडे पावसात लाइट आली तरी नेट दोन दिवस येत नाही. डिस्कला नेट लागत नाही.

२००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीत आहे, नोव्हेंबरात सुट्टी काढून आम्ही जातोच, आणि तिथे बघितलेल्या कितीतरी सिनेमांचं नाव पुन्हा कुठल्याच ॲपवर दिसत नाही. मग त्यांचं काय उरतं माझ्याकडे? कॅटलॉग आणि रोजच्या खेळांचं वेळापत्रक, त्यावर मी पेनाने खुणा केलेल्या. ते सगळं फाइलला लावून ठेवलंय. हा पण संग्रहच म्हणतो मी, सिनेमा नाही पण सिनेमा बघितल्याचा.

ताई, तुमच्या व्हीसीडी आधी बघा. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून एक सिनेमा दोन-तीन डिस्कवर, आणि चित्र फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, आजच्या टीव्हीवर धुरकट दिसणार. पण कोकणी तियात्र (गाण्यांची कोकणी नाटकं) आणि जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी असतील तर टाकू नका, त्यातल्या बऱ्याच पुढे डीव्हीडीवर आल्याच नाहीत. दुकानातल्या छापील डिस्क टिकतात, घरी राइट केलेल्या लवकर जातात कारण त्यांच्यात रंगाचा थर असतो, त्या आधी कॉपी करा. डिस्क मधून बाहेर सरळ पुसायची, गोल नाही (रेकॉर्डच्या उलट, तबकडी बाब हसतील). आणि एकाच हार्डडिस्कवर विसंबू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. माझी बहिणीकडे असते, तिची माझ्याकडे.

मांडवीकाठ (पणजी)

शेवटची_रांग, नेटचा मुद्दा मान्य. आणि ताईंचं ते जत्रेचं कार्ड वाचल्यावर मी खोलीबद्दल माझं मत बदलतोय. द्या म्हणणार नाही आता. पण निवड मात्र करा, पुढच्या पिढीला अख्खी खोली सोपवण्यापेक्षा यादी करून सोपवलेली बरी. एक वही करा. वस्तू काय, कुणाची, कुठून आली. आणि उसनं दिलेलं त्याच वहीत.

तबकडी (पेडणे)

वहीला माझं अनुमोदन. हसलो नाही बाब, लिहून ठेवलं. ताई, त्या दुसऱ्या रात्रीचं नाटक कुठलं होतं?

चिऱ्याचं_घर

अजून लावली नाही, टेपवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे पुढे-मागे करून मगच लावणार. बाबा घाई करतायत, मी थांबवून ठेवलंय. घरच्यांना हा धागा वाचून दाखवला, होमस्टेचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे मारायला माणूस उद्या येतोय. कपाटं आज हलवली, भाऊ पण आला मदतीला, हलवताना तोच एक एलपी घेऊन बाजूला बसला आणि कव्हरवरचं सगळं वाचत राहिला.

एकच अडलंय. आमच्या टेपला मागे वायर लावायचं काही नाही, फक्त इअरफोनचं भोक आहे. त्यातून कॉम्प्युटरवर घेता येईल का?

टेपवाला (सांगे)

येईल. भोक लहान असेल तर दोन्ही बाजूंना ३.५ मिलीमीटरची पिन असलेली वायर घ्या, मोठं जुनं असेल तर ६.३५ चं, त्याला कन्व्हर्टर मिळतो. एक टोक टेपला, दुसरं कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन नसतं, तेव्हा यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या, घेताना लाइन-इन आहे ना ते विचारूनच. टेपचा व्हॉल्यूम अर्ध्यावर, टोन मधोमध, आणि कॉम्प्युटरवरचा आवाजाचा काटा लाल रंगात जाणार नाही एवढा ठेवा. पहिल्यांदा दुसऱ्याच कुठल्या तरी कॅसेटवर करून बघा, आजोबांची शेवटी. वीज जाते आपल्याकडे, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर आणि टेप सेलवर चालवा, सेलवर गुणगुण पण कमी येते.